फक्कीचा दवाखाना आणि बोरकुटे बाई

बोरकुटे बाई पहिल्यांदा आमच्या दवाखान्यात आल्या आणि आल्या आल्या फरशीवर आडव्या झाल्या. चक्कर आली असेल असं समजून मी बीपीचं मशीन घेऊन धावले, तर त्यांनी मला हातानेच थांबवलं. पोटावर कापडी पिशवी, पायांत चपला तशाच, साडीच्या निऱ्या घोट्यांपर्यंत नीट ओढून घेतलेल्या आणि नजर वर छताकडे. बराच वेळ तशाच पडून राहिल्या. मग म्हणाल्या, "सिस्टर, आजारी माणूस भिंती पाह्यत नाई. वर पाह्यते. तुमच्या पेशंटले इथून काय दिसते माहीत हाये? एक गंजलेला पत्रा अन् एक पाल. पालीले मी काही म्हणत नाई, थे बिचारी डास खाऊन राह्यली. पण पत्रा!"

मी आयुष्यात आर्किटेक्ट पाहिलेला नव्हता. नागपूरला शिकलेलं कोणी येणार म्हटल्यावर काळा गॉगल, गळ्यात कॅमेरा, हातात नकाशांची गुंडाळी असा एखादा साहेब डोळ्यांपुढे होता. प्रत्यक्षात लाल बसमधून उतरल्या पन्नाशी ओलांडलेल्या, अर्धे केस पांढरे झालेल्या या बाई. त्यांच्या पिशवीत काय असायचं ते मला नंतर पाठ झालं: सुतळीचं बंडल, एक पक्कड, बडीशेपेची डबी आणि फक्कीची पिशवी. फक्की म्हणजे शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या रेघा मारतात ती पांढरी चुन्याची पूड. नकाशांची गुंडाळी नव्हतीच. सुचेल ते त्या जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर काढायच्या आणि पत्रिका जिथे बसल्या असतील तिथेच विसरायच्या.

आमचा दवाखाना आलापल्लीच्या पुढे, भामरागडच्या रस्त्यावरून आत गेल्यावर लागतो. एक छोटी संस्था तो चालवते. भोवतालची सगळी गावं माडिया आदिवासींची. मी चंद्रपूरची, इथे नर्स म्हणून आले ती राहूनच गेले. तेव्हा दवाखाना बांबूच्या जुन्या गोदामात होता. आमचे डॉक्टर तरुण, वर्ध्याकडचे, हुशार आणि कष्टाळू. औषधं होती, रक्त तपासायची सोय होती, नव्हते ते फक्त पेशंट. म्हणजे यायचे, पण फार उशिरा यायचे आणि फार लवकर जायचे. संध्याकाळी सलाइन लावून ठेवलेला माणूस सकाळी जागेवर नसायचा, सलाइन तेवढी लटकत असायची. नवी इमारत बांधायची ठरली तेव्हा डॉक्टरांनी बाईंना एकच गोष्ट सांगितली, "लोक थांबतील असं काहीतरी बांधा." बाई म्हणाल्या, "मंग लोकायलेच विचारू."

बाई मूळच्या नागभीडच्या. वडील रेल्वेत गँगमन, घरची थोडी धानाची शेती. नागपुरात शिकून त्या भद्रावतीच्या एका ठेकेदाराकडे लागल्या आणि माजरीच्या बाजूला खाणकामगारांसाठी क्वार्टर काढत बसल्या. ओळीने क्वार्टर, सगळे सारखे. तीच खिडकी, तोच ओटा, तोच हिरवा दरवाजा. त्यातल्याच एकात त्या स्वतः आईबरोबर राहायच्या. एकदा दमून घरी आल्या, पिशवी टाकली, पंखा लावला आणि डोळे मिटून आतल्या माणसाला म्हणाल्या, "चहा टाक वो आई." थोड्या वेळाने चहा आला. अर्धा पिऊन झाल्यावर लक्षात आलं की चहात आलं आहे, आणि त्यांची आई चहात आलं कधीच घालत नाही. मान वर करून पाहिलं तर समोर एक अनोळखी म्हातारी. "माहीच डिझाइन, अन् मीच चुकली," हे सांगताना त्या ठसका लागेपर्यंत हसायच्या. "थ्या म्हातारीनं एका शब्दानं इचारलं नाई, तू कोण म्हणून. तिले वाटलं असन, आता असंच असते." ती नोकरी त्यांनी त्याच वर्षी सोडली. आल्याच्या चहाची सवय मात्र तिथूनच लागली. आमच्याकडे आलं मिळायचं नाही, आणि त्याबद्दल त्या मला जबाबदार धरायच्या.

त्यांच्या खोडी सांगायला बसले तर संपायच्या नाहीत. इमारतीला त्या 'ती' म्हणायच्या, नव्या सुनेबद्दल बोलावं तसं बोलायच्या. "तिले दुपारचं ऊन सहन होत नाई." "तिची पाठ वल्ली होऊन राह्यली, पावसाआधी पाहा लागन." कुठल्याही इमारतीत गेल्या की आधी आडव्या व्हायच्या. एकदा तहसील कचेरीत दाखला घ्यायला गेलो, तर तिथेही बाकावर आडव्या झाल्या आणि शिपायाने पळत जाऊन पाणी आणलं. माडिया भाषा त्यांना यायची नाही, पण जे पाच-पंचवीस शब्द यायचे ते नागभीडच्या ठसक्यात, मोठ्याने आणि सगळीकडे वापरायच्या. 'नाही'ला माडियात 'हिल्ले' म्हणतात. हा शब्द त्यांना इतका आवडला की डॉक्टरांनी काही सुचवलं की त्या आधी "हिल्ले!" म्हणायच्या आणि मग ऐकून घ्यायच्या. तापट होत्या. पण राग आला की गवंड्याची थापी घेऊन एखादा कोपरा स्वतःच लिंपायला बसायच्या, आणि कोपरा होईस्तोवर राग गेलेला असायचा. आमच्या व्हरांड्याचा एक कोपरा फार सुबक आहे. तो डॉक्टरांशी झालेल्या भांडणांचा आहे.

तर फक्कीचा दवाखाना.

गावाच्या कडेला मोहाच्या झाडांखाली मोकळी जागा होती. बाईंनी सुतळी ताणली, फक्की मारली आणि जमिनीवर अख्खा दवाखाना खऱ्या मापाचा आखून टाकला. भिंती म्हणजे पांढऱ्या रेघा, दार म्हणजे रेघेतली मोकळी जागा. मग गावाला बोलावलं आणि सांगितलं, आजपासून यात राहून दाखवा. काही जण आजारी व्हा, बाकीचे त्यांच्याबरोबर या. कुठे झोपाल, कुठे रांधाल, कुठे बसून रडाल, सगळं करून दाखवा.

मला वाटलं, लोक हसतील आणि निघून जातील. हसले खरे, पण गेले नाहीत. गावचा गायता, म्हणजे देवाधर्माचं पाहणारा, विज्जादादा नावाचा एक वाद घालण्यात पटाईत माणूस होता. त्याने पहिल्या तासाभरात या रेघांचा ताबाच घेतला. रेघ ओलांडून कोणी आत आलं की तो ओरडायचा, "भिंतीतून काऊन येऊन राह्यला? दरवाजा दिसत नाई?" खुद्द डॉक्टर एकदा घाईत औषधांच्या खोलीची भिंत ओलांडून गेले तर त्यांना परत पाठवून दारातून आणलं. कोंबड्या मात्र कशालाच जुमानेनात. एक थोराड माणूस ताप आल्याचं सोंग घेऊन इतका छान कण्हत होता की त्याची बायको घाबरून खरंच पाणी घेऊन आली.

हळूहळू रेघा सरकू लागल्या. आजाऱ्याला एकट्याला झोपवायचं नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. सगळं घर सोबत येणार, त्यातला एक तरी हात लांब केला तर आजाऱ्याला लागेल इतका जवळ झोपणार. खाट उंच नको, खाली झोपलेल्यांचे चेहरे दिसले पाहिजेत. चूल लांब नको, धूर दिसला पाहिजे. बाळंतिणीच्या खोलीकडे पुरुषांची वाट फिरकायला नको. हे बायकांनी बाईंना बाजूला नेऊन सांगितलं आणि ती खोली कुठे हवी ते पायानेच आखून दाखवलं. प्रत्येक गोष्टीवर वाद. विज्जादादाचा एका बाजूला, बायकांचा दुसऱ्या बाजूला, आणि बाई मध्ये पायाने फक्की पुसत आणि नवी मारत, नाकापासून पदरापर्यंत पांढऱ्याफेक. एवढ्या आनंदात मी त्यांना नंतर फार वेळा पाहिलं नाही.

इमारत त्या रेघांवरच उभी राहिली. विटांच्या बुटक्या भिंती, वर कौलं, आतून बांबूच्या तट्ट्याचं छत. वॉर्ड म्हणजे लहान-लहान खोल्या, प्रत्येकीला स्वतःचं अंगण. डॉक्टरांची एकच अट होती: प्रत्येक खिडकीला, झरोक्याला, कौलांखालच्या फटीला डासांची बारीक जाळी. आमच्या भागात मलेरिया माणसं नेतो. पावसाळ्यात तर बघता बघता नेतो. त्यामुळे ही अट कोणालाच गैर वाटली नाही. काम झाल्यावर डॉक्टरांनी अभिमानाने सांगितलं होतं, "मुंगीसुद्धा आत यायची नाही." लोक आले, राहिले, रांधून खाल्लं, बरे होऊन गेले. त्या वर्षी सलाइन एकटी लटकत राहिली नाही. बाई नागभीडला परतल्या आणि अधूनमधून फोन करून "ती कशी हाये?" विचारायच्या. आधी इमारतीची चौकशी, मग माझी.

पावसाळ्याच्या शेवटी पांडू नावाचा म्हातारा आमच्याकडे वारला. न्यूमोनिया होता, आणला तेव्हाच फार झालेलं होतं. पहाटे गेला. घरचे रडले आणि त्याला घेऊन गेले. दुपारपर्यंत वॉर्ड रिकामा झाला. कोणी भांडलं नाही, कोणी काही बोललं नाही. लोकांनी चुली विझवल्या, चटया गुंडाळल्या आणि ते चालू लागले. त्यांत कोसी होती, मलेरियाची, अर्ध्या उपचारावरची. मी तिचा हात धरला तर तिने माझा हात हळूच सोडवला आणि म्हणाली, "बाई, इथी नाई. इथी नाई." डॉक्टर विनवत राहिले. विज्जादादाकडे गेलो तर तो कधी नव्हे तो गप्प.

आम्ही गोळ्या घेऊन गावोगाव फिरलो. बाकीचे सापडले. कोसीच्या गावाला नाल्याचं पाणी उतरल्यावर पोचलो, तेव्हा तिच्या अंगणात माणसं जमलेली होती. तिची धाकटी बहीण पाली दारात बसली होती. तिने मला पाहिलं आणि मान फिरवली.

मी बाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या दुसऱ्या दिवशीच्या बसने आल्या. चहा मागितला नाही, आडव्या झाल्या नाहीत. रिकाम्या खोल्यांतून भिंतींवर हात फिरवत हिंडल्या. "हिनं काय केलं?" एवढंच विचारत राहिल्या. पावसाचं पाणी गळत नव्हतं, ऊन येत नव्हतं, छत चांगलं होतं. काय केलं ते मलाही कळत नव्हतं. तशाच त्या काही दिवस राहिल्या.

मग एका सकाळी पांडूची मुलगी जुरी आली. सोबत दोघी-तिघी बायका, एक नवं मडकं, सुपात तांदूळ आणि मागे विज्जादादा. ती आत आली नाही. बाप ज्या खोलीत गेला होता तिच्या मागे, खिडकीबाहेर जाऊन बसली. तांदूळ मांडले आणि हाका मारू लागली. आपण लहान मुलाला जेवायला बोलावतो ना, तशा हाका. या चार-सहा गावांतली रीत मला ऐकून माहीत होती: माणसाची माती झाली तरी त्याचा जीव जिथे गेला तिथेच घुटमळत असतो. घरचे येतात, हाक मारतात. एखादा किडा, एखादं पाखरू तांदळापाशी आलं की तोच जीव समजून मडक्यात घेतात, घरी नेतात आणि पूर्वजांत बसवतात. मग तो घरचा होतो, आणि ती जागा मोकळी होते. घरं कुडाची असतात, फटीच फटी. जिवाला यायला-जायला अडचण कसली नसते.

जुरी हाका मारत होती आणि खिडकीच्या जाळीला आतल्या बाजूने एक करडा पतंग लागला होता. पंख फडफडवायचा, खाली सरकायचा, पुन्हा वर चढायचा. जुरीने बाहेरून जाळीवर बोट टेकवलं. पतंग बोटाखाली आला. मधे जाळी. ती आमच्याकडे वळून म्हणाली, "बा अंदरच हाये. येऊन राह्यला, पण येता येत नाई." आणि रडू लागली. लोक का उठून गेले ते मला तेव्हा कळलं: कोंडलेल्या जिवाशेजारी कोणी झोपत नाही.

बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून पक्कड काढली आणि जाळी कापायला सुरुवात केली. कटकट आवाज ऐकून डॉक्टर धावत आले. "बाई, अहो, काय करताय?" बाईंनी ऐकलं नाही. हातभर चीर पाडली आणि कापलेली कड बोटांनी धरून ठेवली. तारेने बोटाला रक्त आलं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. पतंग जरा वेळ तिथेच बसून राहिला, मग चिरेतून बाहेर येऊन सुपाच्या काठावर टेकला. जुरीने त्याला अलगद मडक्यात घेतलं, वर पदर धरला आणि ती उठली. सगळ्या तिच्या मागे गेल्या.

त्यानंतर जे भांडण झालं तसं आमच्या दवाखान्यात पुन्हा झालं नाही.

"या जाळीनं माणसं वाचतात, बाई! तुम्हाला माहीत आहे!"

"माहीत हाये. पण वाचाले माणसं अंदर पाह्यजेत ना! रिकाम्या खोलीत कोणाले वाचवून राह्यले तुम्ही?"

"म्हणून काय भोकं पाडायची? उद्या मलेरिया झाला तर?"

"कोसी मलेरियानंच मेली ना! जाळीच्या आत असताना उठून गेली थे!"

दोघंही बरोबर बोलत होते, आणि ते दोघांनाही कळत होतं, म्हणून जास्त त्रास होत होता. बाई थापी घेऊन व्हरांड्यात बसल्या. मी त्यांच्या बोटाला पट्टी बांधायला गेले तर कोपऱ्याकडे पाहतच म्हणाल्या, "सिस्टर, आपण सगळं करून पाह्यलं होतं ना फक्कीत? कोणी तापानं पडलं, कोणी बाळंत झालं, कोणी रडलं. पण मेलं कोणीच नाई. खेळात कोण मरन? तसं सोंग कोणी घेत नाई अन् घेऊ बी नये. मले इचारा लागत होतं. मी नाई इचारलं." हे त्या अगदी हळू बोलल्या. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि मी ठेवला. त्यांनी तो झटकला नाही, यावरून त्यांची अवस्था समजावी.

पुढे बैठक झाली, मोहाखालीच. विषय असा की कागदावर लिहिला तर लोक वेड्यात काढतील: जिवाला बाहेर पडायला केवढी वाट लागते. विज्जादादाला आता कंठ फुटला होता. त्याचं म्हणणं, वीतभर तरी पाहिजे. एक म्हातारी म्हणाली, जीव मोहाच्या फुलाएवढा असतो, वीतभर कशाला? त्यावर कोणीतरी फक्कीतल्या त्या थोराड माणसाकडे बोट दाखवून विचारलं, "अन् याचा?" सगळे हसले, तोही हसला. डॉक्टरही बैठकीला होते. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, "मला एवढंच सांगा, ती वाट रोज उघडी पाहिजे का?" विज्जादादाने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "रोज कायले? माणूस रोज मरते का?"

तिथेच सुटलं. प्रत्येक खाटेच्या उशाशी, भिंतीत, वीतभर चौकोनी खिडकी; तिला सागाचा पल्ला, म्हणजे झडप, इतका घट्ट बसणारा की डासाला वाव नाही. एरवी बंद. माणूस गेला की घरच्यांनी आपल्या हाताने उघडायचा आणि जीव नेईपर्यंत उघडा ठेवायचा. तोवर त्या खोलीचं दार आम्ही बंद ठेवू, असं डॉक्टरांनी कबूल केलं. खिडकीच्या बाहेर फरशी उखडून मातीची जागा केली, चार माणसं मडकं घेऊन बसतील एवढी. आलापल्लीच्या सुताराने पल्ले केले आणि बाईंनी प्रत्येक पल्ला स्वतः लावून पाहिला. एक खडखडला, तो परत पाठवला. लोक पुन्हा येऊ लागले, पण थोडे-थोडे, बिचकत. खरी गोष्ट सगळ्यांनाच माहीत होती आणि बोलत कोणी नव्हतं: पुन्हा कोणी गेल्यावरच कळणार. बाई नागभीडहून फोन करायच्या, पण "ती कशी हाये?" विचारणं त्यांनी थांबवलं होतं. नुसतंच "सगळे हायेत ना?" म्हणायच्या.

पुढच्या पावसाळ्यात त्या कौलं पाहायला म्हणून आल्या होत्या. पायऱ्या चढताना त्यांना धाप लागत होती. ते हृदयाचं दुखणं होतं हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मला वाटलं, वय. ती त्यांची शेवटची खेप. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या नागभीडलाच वारल्या.

त्या खेपेला वॉर्ड भरलेला होता. पाली आलेली होती, आपल्या तापलेल्या मुलीला घेऊन. मलेरियाच, मेंदूपर्यंत जाऊ पाहणारा. इंजेक्शनं सुरू होती आणि काही दिवस तरी मुलीला हलवायचं नव्हतं. पाली माझ्याशी बोलायची नाही. बहीण गमावूनही मुलीला घेऊन ती इथे आली होती, हेच माझ्यासाठी पुष्कळ होतं. आणि तिच्या शेजारच्या खोलीत मैनी नावाची म्हातारी दुपारी गेली.

सुनेने पल्ला उघडला. तो किंचित करकरला, तेवढा आवाज सगळ्या वॉर्डात ऐकू गेला. घरचे म्हातारीला घेऊन गेले. अंगणाअंगणांतून लोक एकमेकांकडे पाहत होते. मी पालीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. माझ्याने आत जाववेना. विज्जादादा मातीच्या जागेपाशी जाऊन उघड्या पल्ल्याखाली नुसता बसून राहिला.

बाई बाहेरच्या दगडी कट्ट्यावर, वॉर्डाकडे पाठ करून बसल्या होत्या. मी म्हटलं, "या ना आत. बघा तरी." तर म्हणाल्या, "हिल्ले. मी पाह्यलं तं थे माह्याखातर थांबतीन. माह्या भिडेनं थांबलेलं काय कामाचं?" अंधार पडला तरी त्यांनी मान वळवली नाही. मी त्यांना जेवण तिथेच नेऊन दिलं. त्यांनी ते खाल्लं नाही.

सकाळी त्यांची बस होती. मी उठून बाहेर आले तेव्हा त्या पुन्हा कट्ट्यावरच होत्या, पिशवी मांडीवर घेऊन, तोंड रस्त्याकडे. आत काय झालं, कोण आहे, कोण नाही, हे त्यांनी मला विचारलं नाही, आणि मीही अजून वॉर्डात गेले नव्हते. मी त्यांच्या शेजारी बसले.

मागून पावलं वाजली. पाली होती. हातात पाण्याने निथळणाऱ्या कपड्यांचं घमेलं, केस विस्कटलेले, रात्रभर मुलीपाशी जागलेली. माडियात अहो-जाहो नाही. लहानमोठे सगळे एकमेकांना अरे-तुरेच म्हणतात. ती बाईंसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सरक ना बाई. पोरीचे कपडे वाळू घालाचे हायत. इथीच ऊन येते."

बाई उठल्या. घाईघाईने उठल्या, पिशवी खाली पडली. पालीने एक लुगड्याचं ओलं पटकूर काढलं आणि एक टोक त्यांच्यापुढे धरलं. दोघींनी ते दोन्हीकडून धरून पिळलं. पाणी बाईंच्या पायांवर, चपलांवर, निऱ्यांवर सांडत होतं आणि त्या पिळतच होत्या, त्यातला शेवटचा थेंब निघून गेल्यावरही पिळत होत्या. डोळे गच्च भरलेले होते. पाली म्हणाली, "बस झालं, बाई. फाटन थे."